म्बुटाच्या पोटातला फुलू

कोलुंगा किनारा
४ नोव्हेंबर १९९६

प्रिय अदोयो,

सापडला! हे पत्र बसून वाच आणि वाचून झालं की लगेच उत्तर लिही. तुझ्या हॉलंडच्या थंडीची कारणं मला नकोत.

तू सांगितल्याप्रमाणे दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी किनाऱ्यावर जाते. बोटी लागतात, म्बुटा मासे ओट्यावर येऊन पडतात, बायका पोटं चिरतात. आतडी टकल्या करकोच्यांच्या तोंडी जाण्याआधी माझ्या परातीत आली पाहिजेत, एवढाच माझा हट्ट. करकोचेही आता मला ओळखतात आणि माझ्यावर चिडून असतात. बायकांचं तर विचारूच नकोस. "बाई, शाळा सुटल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, तुम्ही आतडी सांभाळता," असं रोज एक तरी म्हणतेच. मी म्हणते, आतडी नातवंडांपेक्षा शिस्तीत राहतात.

आजवर दोनशे चाळीस पोटं उघडली. जवळजवळ निम्मी रिकामी निघाली, कारण वर ओढला जाताना म्बुटा ओकतो. उरलेल्यांत तू म्हणतेस तेच मिळालं. लहान म्बुटाच्या पोटात झिंगे आणि चतुराच्या अळ्या. मोठ्यांच्या पोटात बारके ओमेना मासे आणि स्वतःच्याच जातीची पिल्लं. नऊ किलोच्या एका मादीच्या पोटातून सात पिल्लं निघाली, सगळी एका मापाची, शाळेच्या रांगेसारखी.

पण गेल्या शुक्रवारी सहा किलोच्या एका म्बुटाच्या पोटातून फुलू निघाला. नुसतं डोकं नाही, खवले नाहीत, आख्खा फुलू! बोटभर लांब, शेपटी नारिंगी, खालच्या परावर पिवळे ठिपके. पंधरा वर्षं पाहिला नव्हता, तरी बघताक्षणी ओळखला. मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की दोन बायकांच्या हातून सुऱ्या पडल्या.

माझ्या लहानपणी हे तळं फुलूने भरलेलं होतं. शाळेतून येताना आम्ही टोपलीने पकडायचो आणि काडीला टोचून भाजायचो. मग कोणीतरी बाहेरून म्बुटा आणून तळ्यात सोडला, आणि माझी पंचेचाळिशी उलटेपर्यंत त्याने फुलू खाऊन संपवला. हे तुला मी सांगायला नको. तुझ्या प्रबंधाचं शेवटचं वाक्यच तसं आहे: तळ्याच्या आपल्या आखातात फुलू उरला नाही, म्हणून म्बुटा आता झिंगे आणि स्वतःची पिल्लं खाऊन जगतो. तीन वर्षांच्या कामाचं सार म्हणून गेल्या सुट्टीत तू ते मला दोनदा म्हणून दाखवलंस. ते वाक्य अजून कागदावर उतरलं नसेल तर हात आवर.

फुलू मी जॅमच्या बाटलीत ठेवला आहे. स्पिरिट मिळालं नाही म्हणून हातभट्टीची दारू घातली. ती विकत आणायला मी स्वतः गेले होते. बातमी पाद्रीसाहेबांपर्यंत पोहोचली असेलच.

तुझी आत्या,
प्रिस्किला अपोंडी

ता. क. मागच्या पत्रात तू 'निरीक्षण' दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलं आहेस. एक प्रकार निवड.


२५ नोव्हेंबर १९९६

प्रिय आत्या,

तुझं पत्र सायकलवर बसल्याबसल्या वाचायला लागले आणि कालव्याच्या कठड्याला धडकले. गुडघा फुटला. पण तू बसून वाच म्हणाली होतीस आणि मी बसलेलीच होते, त्यामुळे रागावू नकोस.

फुलू! मला तर तो नीट आठवतही नाही. मी दहा वर्षांची असताना तू मला एक दाखवला होतास, तो बहुतेक शेवटचाच. इथे आमच्याकडे चाळीस बाटल्यांत जुने फुलू ठेवलेले आहेत, पण स्पिरिटमध्ये राहून राहून सगळे खाकी झालेत. तुझा नारिंगी आहे म्हणतेस!

आत्या, मी थोडे प्रश्न विचारते, मनाला लावून घेऊ नकोस. तो नक्की फुलूच होता ना? पोटात राहून अर्धवट पचलेला मासा फसवतो, ओमेनाही कधीकधी वेगळा दिसतो. दुसरं, तो म्बुटा जाळ्यातला होता की गळाचा? आणि कुठल्या पाण्यातला?

माझी तोंडी परीक्षा चौदा मार्चला आहे. समितीत पाच जण, सगळे काळ्या झग्यात. मी अजून शेवटचं प्रकरण लिहितेय, त्यामुळे घाई नाही. पण बाटली पाठवता आली तर पाठव. माझ्या प्राध्यापकांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. हातभट्टीच्या ओळीला ते इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला.

इथे चार वाजता अंधार पडतो. उगालीसाठी मक्याचं पीठ मिळतं, पण ते पिवळं असतं आणि त्याला कसलीच चव नसते.

तुझी,
अदोयो


कोलुंगा किनारा
१६ डिसेंबर १९९६

प्रिय अदोयो,

फुलू आणि ओमेना यांतला फरक तू मला विचारतेस? मी एकतीस वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवलं. त्यांतली एकही इतकं मठ्ठ वाक्य लिहून उत्तीर्ण झाली नसती. ओमेना म्हणजे चांदीची सुई. फुलूला खांदे असतात.

आणि आता ऐक. अकरा! तीन आठवड्यांत अकरा फुलू. मी तक्ता करून सोबत जोडला आहे: तारीख, म्बुटाचं वजन, पोटात काय होतं, फुलूची लांबी. तीन जाती तरी आहेत. एकाचं पोट काळं, एक निळसर, बाकीचे नारिंगी शेपटीचे. शुक्रवारी काळा निघाला तेव्हा ओट्यावरच्या सगळ्या बायका सुऱ्या टाकून बघायला आल्या. म्हाताऱ्यांनी त्याला नावाने ओळखलं. एकीने तर त्याला "अरे, तू होतास कुठे?" असं विचारलं. आता कोणी माझी थट्टा करत नाही. पोट चिरलं आणि आत काही दिसलं की लांबूनच हाका मारतात, "बाई, या, या, तुमचा पाहुणा आला!"

जाळ्यातला की गळाचा, हे मला सांगता येणार नाही. मासे ढिगाने येतात आणि मी बोटीत जात नाही. आपल्याकडे कुठलीच बाई मासेमारीच्या बोटीत जात नाही, हे तिकडे राहून तू विसरलीस का? ओगोलाला विचारलं. किनाऱ्यावर सर्वांत जुनी बोट त्याची. त्याच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

"ओगोला, हा बघ फुलू. तुझ्या म्बुटाने खाल्लेला."

"हो का? वा."

"वा काय? तुला नवल वाटत नाही?"

"बाई, म्बुटाच्या पोटातलं म्बुटाला विचारा. मी त्याला जेवायला वाढत नाही." एवढं बोलून तो आणि त्याचे खलाशी खो खो हसायला लागले. पुरुषांना कशाचं हसू येतं हे मला लग्नाच्या तेवीस वर्षांत कळलं नाही, ते आता काय कळणार?

तीन फुलू बाटलीत भरून नैरोबीला निघालेल्या एका सिस्टरबरोबर पाठवले आहेत, तिथून ते विमानाने येतील. प्रत्येकाच्या पाठीवर, वरच्या पराच्या मागे, एक बारीक भोक आहे. म्बुटाचा दात असणार. घाबरून जाऊ नकोस.

नाताळात घरी नऊ माणसं असतील. तुझी खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे, तिच्यावर कोणी बसायचं नाही असं सांगितलं आहे.

तुझी आत्या,
प्रिस्किला अपोंडी


२० जानेवारी १९९७

प्रिय आत्या,

बाटली पोहोचली. प्राध्यापकांनी झाकण उघडलं आणि आमची अख्खी प्रयोगशाळा कोलुंगाच्या बाजारासारखी दरवळली. ते तिन्ही फुलूच आहेत आत्या, तुझं बरोबर होतं, मी मठ्ठ आहे. आम्ही त्यांना भिंगाखाली ठेवलं. नारिंगी शेपटी अजून नारिंगी होती! मी रडले. खोटं नाही, खरंच रडले.

मग प्राध्यापकांनी ते भोक पाहिलं.

तो दात नाही. म्बुटाला असे सुटे अणकुचीदार दात नसतात, त्याच्या तोंडात खरखरीत पट्टी असते, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिन्ही माशांना एकाच जागी एकाच जाडीचं भोक आहे आणि ते आरपार आहे. तो गळ आहे. हे फुलू म्बुटाने तळ्यात शिकार करून खाल्लेले नाहीत, कोणीतरी ते जिवंत गळाला लावले होते. म्बुटाने आमिष गिळलं, नंतर गळ ओढून काढला आणि फुलू पोटात राहिला. मोठ्या दलदलीपलीकडच्या कान्याबोलीच्या छोट्या तळ्यात म्बुटा पोहोचलेला नाही, तिथे फुलू अजून आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडचे लोक आमिष तिथूनच आणत असणार.

आत्या, आता मला तुला दुसरं एक सांगायचं आहे. मी शेवटचं प्रकरण लिहितेय असं तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. ज्या शुक्रवारी तुला पहिला फुलू सापडला, त्याच शुक्रवारी सकाळी मी प्रबंध समितीकडे देऊन आले होते. ते वाक्य त्यात आहे. तुझं पत्र आल्यापासून मला नीट झोप नव्हती. आज हे भोक पाहिल्यावर माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? सुटले, असं आलं. वाक्य खरंच राहिलं. आणि लगेच लाज वाटली, कारण दोन महिने तू परात घेऊन उन्हात उभी होतीस आणि तुझं चुकलं म्हणून मला बरं वाटत होतं.

रागाव, पण लिही.

अदोयो


कोलुंगा किनारा
८ फेब्रुवारी १९९७

अदोयो,

खोटं बोललीस ते बोललीस. त्याबद्दल समोरासमोर बोलू. पत्रात राग वाया जातो.

परात मी तशीच टाकली आणि थेट ओगोलाच्या बोटीपाशी गेले. तो जाळं शिवत बसला होता.

"गळाला काय लावतोस?"

"बाई, तुम्हाला आज कळलं?"

"विचारलं त्याचं उत्तर दे."

"फुलू. जिवंत. पाठीतून गळ घालायचा, म्हणजे तो पोहत राहतो आणि म्बुटाला भूक लागते." मग त्याने सुई खाली ठेवली आणि चक्क लाजला. "आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांना माहीत असतं."

सगळ्यांना म्हणजे सगळ्या पुरुषांना. साठ वर्षं मी या पाण्याच्या काठावर राहते. या पाण्याचा मासा खाल्ला, या पाण्यावर तीन पिढ्यांच्या मुली शिकवल्या, आणि गळाला काय लावतात हे मला कधी दिसलं नाही, कारण ते बोटीत लावतात. किनाऱ्यावर येईपर्यंत गळ निघालेला असतो. चूक माझी आहे. ती मी तक्त्यावर लाल शाईने लिहिली.

पण नुसती चूक लिहून थांबायचं असतं तर मी शिक्षिका कशाला झाले असते? दुसरा प्रश्न राहिलाच होता. मी विचारलं, "आणतोस कुठून? कान्याबोलीहून?"

"कान्याबोलीला जाऊन यायला दिवस मोडतो. तोवर फुलू मरतात. अकुमू देते."

अकुमूला तू पाहिलं आहेस. बाजारात मडकी मांडून बसते, अंगात कायम पुरुषाचा कोट असतो. ती कोण हे तू विसरली असशील तर सांगते: बारा वर्षांची असताना बेडूक फाडायला नाही म्हणाली, म्हणून मी तिला दिवसभर वर्गाबाहेर उभी केली. दुसऱ्या दिवसापासून तिने शाळा सोडली. तिच्यासमोर जाऊन मी विचारलं, फुलू कुठे पकडतेस? तिने मडक्यावरचं झाकण नीट केलं आणि म्हणाली, "बाई, मला विज्ञान येत नाही. मी नापास आहे."

सगळा बाजार ऐकत होता. मी उभी राहिले. ती बसून राहिली. शेवटी मी म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं." एकतीस वर्षांत हे वाक्य मी वर्गात कधी उच्चारलं नव्हतं. तिने मला बसायला रिकामं मडकं उपडं करून दिलं.

अदोयो, ती ते कान्याबोलीहून आणत नाही. आपल्याच तळ्यातून आणते! सेंगाच्या खडकांपाशी. बोटीने दोन तासांवर. खडकांच्या कपारीत आणि तिथे अडकलेल्या जलपर्णीखाली ते दडून असतात. म्बुटा तिथे शिरू शकत नाही. चार वर्षांपूर्वी तिला तिथे पहिले दोन सापडले. आता टोपली भरते.

मी विचारलं, तू बोटीत कशी जातेस? ती हसली. तिच्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली. आपल्याकडे विधवेने नवऱ्याचा कोट घालून शोक पाळायचा आणि ठरलेला काळ संपला की उतरवायचा, पण हिने उतरवलाच नाही. कोट अंगात असेपर्यंत ती बोटीच्या हिशेबाने बाई नाही, नवराच आहे. "बोटीला कोट दिसतो," ओगोला म्हणाला. "आतलं माणूस बोटीला दिसत नाही." नऊ वर्षं सगळा किनारा हे मान्य करून बसला आहे आणि कोणी तोंडातून शब्द काढत नाही.

पण तुझी समिती अकुमूच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. कोणीतरी जाऊन डोळ्यांनी पाहायला हवं. हेन्री वारला तेव्हा मी त्याचा कोट घातला नव्हता. मी मकेरेरे विद्यापीठात शिकलेली, मला शोकाला कपडे लागत नाहीत, असं म्हणाले होते. सासूबाई वर्षभर बोलल्या नाहीत. कोट ट्रंकेत आहे. आज बाहेर काढून उन्हात टाकला.

प्रिस्किला अपोंडी


२४ फेब्रुवारी १९९७

प्रिय आत्या,

जाऊ नकोस. म्हणजे जा, पण चौदा मार्चनंतर जा.

मी हे कसं लिहू ते कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. आत्ता मला एवढंच माहीत आहे की फुलू आमिष होते. बाजारातल्या एका बाईचं म्हणणं हा पुरावा नाही, त्यामुळे वाक्य तसंच ठेवून मी समितीसमोर उभी राहू शकते. तू जाऊन पाहिलंस आणि मला कळवलंस, तर मला कळलेलं असेल. मग समितीला सांगावं लागेल. सांगितलं तर प्रबंध परत येईल. माझी इथे राहण्याची मुदत जूनमध्ये संपते, नंतर दुसरी संधी मिळेल याची खात्री कोणी देत नाही. तीन वर्षं, आत्या. एका शेवटच्या ओळीपायी.

फुलू इतकी वर्षं खडकात राहिले, आणखी तीन आठवडे राहतील. तू मला कधी कशासाठी सूट दिली नाहीस. या एकदा दे.

अदोयो


कोलुंगा किनारा
२६ फेब्रुवारी १९९७

प्रिय अदोयो,

जाऊन आले! आजच, सकाळी निघून दुपारी परत. घाईत लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

कोट मला गुडघ्यापर्यंत आला. हेन्री उंच होता. किनाऱ्यावर चाळीस माणसं उभी होती आणि एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही, इतकी सगळी आकाशाकडे बघत होती. ओगोलाने हात दिला आणि म्हणाला, "या, हेन्री गुरुजी. बरेच दिवसांनी." मी बोटीत चढले. बोट रुसली नाही.

सेंगाला पोहोचल्यावर अकुमूने कोटाच्या बाह्या वर सरकवल्या आणि टोपली कपारीत घातली. पहिल्याच वेळी चौदा! मी मोजले. निळे, काळे, नारिंगी, आणि एक पिवळा, ज्याचं नाव मलाही आठवेना. ज्या तळ्यात ते उरले नाहीत असं मी स्वतः शाळेत शिकवलं, त्याच तळ्याचं पाणी टोपलीतून गळत होतं आणि आत ते तडफडत होते. मी काहीतरी ओरडले. ओगोला म्हणतो की मी गाणं म्हटलं. त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

मग मी म्हणाले, हे कपारीत राहतात ते ठीक, पण म्बुटा यांना खातो का? प्रश्न तर तोच आहे. ओगोलाने खडकाबाहेर आदल्या संध्याकाळी जाळं टाकून ठेवलं होतं. गळ नाही, आमिष नाही, नुसतं जाळं. त्यात पाच म्बुटा होते. बोटीतच चिरले. दोन रिकामे. एकाच्या पोटात झिंगे. दोघांच्या पोटात फुलू, एकात तीन आणि एकात एक. चारही फुलूंच्या पाठी मी बोटाने चाचपल्या, मग भिंगाने पाहिल्या, मग अकुमूला बघायला लावल्या. एकही भोक नाही. अदोयो, म्बुटा पुन्हा फुलू खायला लागला आहे. म्हणजे खडकातून बाहेर यावं लागेल इतके ते झाले आहेत.

आणि हे शेवटचं. टोपलीतले फुलू आम्ही पाण्याच्या बादलीत सोडले होते, त्यांतल्या एका मादीचा गळा फुगलेला होता. मला वाटलं, आजारी आहे. अकुमू म्हणाली, "थांबा, घाबरली की थुंकेल." मी बादलीवर वाकले, माझी सावली पाण्यावर पडली आणि तिने तोंड उघडलं. तोंडातून पिल्लं बाहेर आली! तांदळाच्या दाण्याएवढी, नुसते डोळे आणि शेपट्या. फुलूची मादी पिल्लं तोंडात वाढवते हे मी एकतीस वर्षं फळ्यावर काढलं, पण जिवंत कधी पाहिलं नव्हतं. सदतीस मोजली. मग बोटीचं वल्हं आपटलं, आणि क्षणात सगळी पुन्हा आईच्या तोंडात. तिने ओठ मिटले आणि जणू काही झालंच नाही अशी बघत राहिली.

अकुमूने ती बादली कपारीत परत ओतली. मी न सांगता.

तक्ता, आकृत्या आणि पाचही म्बुटांची वजनं सोबत आहेत. साक्षीदार म्हणून ओगोलाने सही केली आहे, अकुमूनेही. तिची सही सुंदर आहे.

तुझी आत्या,
प्रिस्किला अपोंडी


कोलुंगा किनारा
११ मार्च १९९७

प्रिय अदोयो,

तुझं चोवीस तारखेचं पत्र आज मिळालं. उशीर झाला. माझं तोवर निघून गेलं होतं, आता ते मला परत बोलावता येत नाही.

मी खडकांवर नाचत होते तेव्हा तू तिकडे काय सोसत होतीस हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी गेले असते, हे तुला कळतंच. पण लिहायला कदाचित थांबले असते. कदाचित.

तू सूट मागितलीस. ही घे. ते पत्र तुला चौदा तारखेनंतर मिळालं असं तू म्हणालीस, तर मी तारखा ताडून बघणार नाही. ओगोलाला आणि अकुमूला सांगेन, तिला काही विचारू नका. तू घरी येशील तेव्हा तुझी खुर्ची असेल आणि तिच्यावर बसलेल्या माणसाची मी परीक्षा घेणार नाही. हे लिहायला मला पूर्ण दुपार लागली.

आत्या


१४ मार्च १९९७

प्रिय आत्या,

तुझं सेंगाचं पत्र परवा, बुधवारी आलं. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग खोलीचं दार लावून मोठ्याने वाचलं. पिल्लं परत तोंडात गेली तिथे मी थांबले. मग मी ते पाकिटात घालून उशीखाली ठेवलं. गुरुवारी दिवसभर ते तिथेच होतं. या शहरात ते पत्र आल्याचं पोस्टमनशिवाय कोणालाही माहीत नव्हतं, आणि पोस्टमनला आपली धोलुओ भाषा वाचता येत नाही.

आज दहा वाजता मी काळ्या झग्यांसमोर उभी राहिले. तासभर प्रश्न झाले, मी सगळ्यांची उत्तरं दिली. झिंग्यांबद्दल, अळ्यांबद्दल, कुठल्या लांबीचा म्बुटा स्वतःची किती पिल्लं खातो त्याबद्दल. सगळे माना डोलवत होते. समितीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंनी फाइल मिटली सुद्धा. तेवढ्यात मला त्या मादीचा फुगलेला गळा दिसायला लागला. माझाही तसाच झाला होता.

मी म्हणाले, "शेवटचं वाक्य चुकीचं आहे."

माझ्या प्राध्यापकांनी पुन्हा चष्मा काढला, पण या वेळी हसले नाहीत. मी तुझं पत्र काढलं आणि उभ्याउभ्या भाषांतर करत वाचलं. अकुमूचा कोट, जाळं, चार न टोचलेल्या पाठी, तक्ता, सह्या. पिल्लं मोजल्याच्या ओळीला एक सद्गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, "सदतीस? जिवंत?" आणि मग पाचही जण एकदम बोलायला लागले. झगे घातलेली म्हातारी माणसं एकमेकांच्या हातातून तुझा तक्ता ओढत होती! मला वाटत होतं की ते मला हाकलून देतील, आणि ते माझ्याकडे बघतही नव्हते.

मग बघितलं. त्या म्हाताऱ्या बाईंनी फाइल पुन्हा उघडली आणि विचारलं, "तर मग आज तुमच्या आखातात किती फुलू आहेत? आणि म्बुटाच्या जेवणात त्यांचा वाटा किती?"

माझ्याकडे तीन वर्षांचे आकडे होते. त्यातलं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. मी म्हणाले, "माहीत नाही. जाऊन मोजावे लागतील."

पदवी आज मिळाली नाही, आत्या. प्रबंध परत आला आहे. मुदत वाढवून मागायची खटपट प्राध्यापक करणार आहेत, होईल की नाही ते सांगता येत नाही म्हणाले. पण खोलीच्या दारात म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला आणि विचारलं, "कधी निघता?" मी म्हणाले, पाच एप्रिल.

सहाला नैरोबी, सातला संध्याकाळच्या बसने कोलुंगा. मंगळवारी आठ तारीख आहे. त्या दिवशी एकही पोट माझ्याशिवाय चिरू देऊ नकोस.

तुझी,
अदोयो